‘पोरगं ऐकतच नाही’ म्हणण्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा. वही काय सांगते ते बघा

बेळगाव असो, निपाणी असो, डिचोली असो की चंदगड, प्राथमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘काय करावं ह्या पोराचं, काही कळत नाही.’ वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. मध्येच उठतं, शेजाऱ्याची वही ओढतं, पाटी आपटतं, नाहीतर दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही आणि लिहायला सांगितलं की रडायला लागतं.

पूर्वी यावर छडी हेच उत्तर होतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. कायदा महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा, तिन्हीकडे तोच. छडी गेली, हे बरंच झालं. पण तिच्या जागी नेमकं काय करायचं, याचं उत्तर अनेक शिक्षकांच्या हातात पडलंच नाही. म्हणून मग वर्गाबाहेर उभं करणं, मागच्या बाकावर बसवणं, पालकांना बोलावून ऐकवणं हेच चालू राहतं. आणि तो मुलगा पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करतो.

याला एक वेगळा मार्ग आहे. त्याला यंत्र लागत नाही की अॅप लागत नाही. एक वही, एक पेन आणि दहा शाळेचे दिवस पुरतात. मूल कधी, कुठे, कशानंतर बिघडतं आणि त्यातून त्याला काय मिळतं, हे आधी लिहायचं. मदत ठरवायची ती त्यानंतर.

आधी मुलाकडे नको, शाळेकडे बघा

ही पद्धत अमेरिकेतल्या शाळांत रुजली. तिथे १९९७ मध्ये दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मुलाच्या वागण्यामागचं कारण शोधून त्याला सकारात्मक आधार द्यावा, ही कल्पना त्या कायद्यात आली. पुढच्याच वर्षी केंद्रीय शिक्षण खात्याच्या पैशातून ऑरेगन विद्यापीठात यासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. जॉर्ज सुगाय आणि रॉब हॉर्नर ही त्यामागची दोन मोठी नावं.

त्या शाळांत मुलाला मुख्याध्यापकांकडे पाठवलं की एक चिठ्ठी भरली जाते : काय घडलं, कुठे, किती वाजता, कोण होतं, कशामुळे झालं असावं. महिन्याच्या शेवटी या चिठ्ठ्या एकत्र मांडून बघतात. साधारण ठोकताळा असा की १०० पैकी ८० मुलांना चांगले नियम आणि नीट शिकवणं एवढंच पुरतं. १५ मुलांना थोडा जादा आधार लागतो आणि ५ मुलांना स्वतंत्र आराखडा लागतो. वर्षभरात एखादी चिठ्ठी झालेलं मूल पहिल्या गटात, २ ते ५ झालेलं दुसऱ्या गटात आणि ६ किंवा जास्त झालेलं तिसऱ्या गटात धरतात. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. कुठून सुरुवात करायची, एवढंच ते सांगतात.

आपल्याकडे अशा चिठ्ठ्या नसतात. पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक साधी वही ठेवता येते. महिनाभर नोंदी झाल्यावर समजा असं दिसलं की निम्म्याहून जास्त भांडणं जेवणाच्या सुट्टीत नळावर ताट धुताना होतात. मग दोष कुणा एका पोराचा नाही. ८० मुलं आणि दोन नळ, हा तो प्रश्न आहे. वर्गवार पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सोडलं, तर भांडणं कमी होतात का ते बघायचं. एकाही मुलाला न रागावता प्रश्न सुटू शकतो.

शाळेची अशी घडी बसवल्यावरही ज्यांची नावं वहीत परत परत येतात, त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे.

तीन रकाने

मुलाची नोंद ठेवायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे तीन रकाने : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय घडलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये ही रीत मांडली आणि आजही ती जगभर वापरतात.

मधला रकाना भरताना एक पथ्य पाळायचं. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. ‘उद्धटपणा केला’, ‘लक्ष नव्हतं’, ‘मस्ती चढली होती’ ही नोंद नव्हे, मत झालं. ‘वही बाकाखाली टाकली आणि डोकं बाकावर ठेवलं’ ही नोंद. दुसऱ्या बाई तिथे असत्या तर त्यांनीही हेच लिहिलं असतं का, असं स्वतःला विचारलं की फरक कळतो.

याच्या जोडीला शाळेचं वेळापत्रक कागदावर आखून घ्यायचं आणि ज्या तासाला प्रकार घडला त्या चौकोनात एक रेघ मारायची. शिकवता शिकवता लिहिणं जमत नसेल, तर जुनी युक्ती आहे : उजव्या खिशात दहा-बारा चिंचोके ठेवायचे, प्रकार घडला की एक डाव्या खिशात टाकायचा. तास संपला की मोजून रेघा मारायच्या.

दोन मुलं, एकच तक्रार

आता एक उदाहरण घेऊ. समजा चौथीतला एक मुलगा आहे. ‘वर्गात गोंधळ घालतो’ ही तक्रार. दहा दिवसांत १४ प्रकार नोंदले गेले. त्यातले ९ गणिताच्या तासाला, ३ भाषेच्या लेखनाच्या वेळी आणि २ इतर वेळी. खेळाच्या तासाला, गाण्याला, जेवणाच्या वेळी शून्य. गणितातल्या ९ पैकी ८ वेळा आधीच्या रकान्यात ‘भागाकाराची उदाहरणं सोडवायला दिली’ असं आहे आणि ७ वेळा शेवटच्या रकान्यात ‘वर्गाबाहेर उभं केलं’ असं आहे.

वही वाचली की गोष्ट उघड होते. या मुलाला भागाकार नको आहे. गोंधळ घातला की भागाकार टळतो. बाई त्याला शिक्षा म्हणून बाहेर काढतात, पण त्याच्या लेखी ती सुटका आहे. जेवढी शिक्षा जास्त, तेवढा गोंधळ वाढणार.

आता तिसरीतली एक मुलगी घ्या. तिचीही तक्रार तीच : गोंधळ. पण तिच्या रेघा सगळ्या तासांना सारख्या पसरलेल्या आहेत, विषय कोणताही असो. आधीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट आहे : बाई दुसऱ्या इयत्तेच्या मुलांकडे गेल्या होत्या. दोन शिक्षकी शाळेत हे रोजचंच. आणि नंतरच्या रकान्यात : बाई परत आल्या, तिला रागावल्या. या मुलीला बाईंचं लक्ष हवं आहे. कौतुकाचं मिळत नाही, तर रागाचं तरी.

दोघांना एकच शिक्षा दिली तर काय होईल? मुलाला हवं ते मिळेल. मुलीचं मागणं तसंच राहील आणि ती ते आणखी मोठ्यानं मागेल. म्हणून आराखडा वेगवेगळा हवा.

मागण्याची दुसरी रीत शिकवा

याबाबत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांचा १९८५ चा अभ्यास आजही शिक्षकांना शिकवला जातो. विकासात्मक अडचणी असलेली चार मुलं त्यात होती. कुणी काम अवघड असलं की बिघडायचं, कुणी मोठ्यांचं लक्ष नसलं की. संशोधकांनी मुलांना एक-एक वाक्य शिकवलं. अवघड कामानं बिघडणाऱ्याला ‘मला समजलं नाही’ आणि लक्ष हवं असणाऱ्याला ‘मी बरोबर करतोय का?’ मुलानं विचारलं की शिक्षक लगेच मदत करायचे किंवा शाबासकी द्यायचे. त्रासदायक वागणं बरंच कमी झालं. यातली महत्त्वाची बाब अशी की गरजेशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा उपयोग झाला नाही. कारण बरोबर ओळखलं तरच उपाय लागू पडतो.

आपल्या चौथीतल्या मुलाचा आराखडा यावरून ठरतो. भागाकार का नको, हे आधी तपासायचं. पाढे येतात का? हातच्याची वजाबाकी येते का? येत नसेल तर भागाकार त्याला कसा येणार? दोन-तीन दिवस त्याला येईल अशा पातळीची उदाहरणं देऊन बघायची. गोंधळ कमी झाला, तर अंदाज बरोबर. मग रोज दहा मिनिटं वजाबाकी आणि पाढे, दहाऐवजी चारच उदाहरणं, आणि ‘बाई, समजलं नाही’ म्हणायची किंवा बाकावर ठरलेलं कार्ड उलटं ठेवायची मुभा. बाहेर काढणं पूर्ण बंद. वर्तनाच्या तक्रारीचं उत्तर इथे गणिताच्या तासात सापडलं. प्राथमिक शाळेत असं बरेचदा होतं.

रोजचं कार्ड

तिसरीतल्या मुलीसाठी दुसरा उपाय आहे. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत तो खूप वापरतात. सकाळी परिपाठाआधी ठरलेल्या एका मोठ्या माणसाला भेटायचं, दोन मिनिटं बोलायचं, कार्ड घ्यायचं. प्रत्येक तासानंतर बाई कार्डावर गुण लिहितात आणि एक वाक्य बोलतात. शाळा सुटताना पुन्हा त्याच माणसाला भेटायचं, बेरीज करायची, कार्ड घरी न्यायचं.

हिशोब सोपा आहे. ३ अपेक्षा : जागेवर बसणं, हात वर करून बोलणं, काम पूर्ण करणं. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. ५ तास धरले तर दिवसाचे ३० गुण. शेवटचं लक्ष्य साधारण ८० टक्के, म्हणजे २४. पण मुलगी सध्या १५ वर असेल तर पहिल्याच दिवशी २४ मागू नयेत. आधी १८, ते तीन-चार दिवस जमलं की २०, मग २४. मिळालेले गुण नंतर कापायचे नाहीत. आणि पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची : कमी गुण आले म्हणून घरी मार नाही, बोलणी नाहीत. नाहीतर मूल कार्ड वाटेत ओढ्यात टाकून येईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

बाईंचं लक्ष हवं असणाऱ्या मुलांना हे कार्ड चांगलं लागू पडतं, कारण दिवसातून सहा-सात वेळा ते लक्ष न मागता मिळतं. काम टाळण्यासाठी गोंधळ घालणाऱ्या मुलाला नुसत्या कार्डानं फारसा फरक पडत नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना कार्ड वाटून उपयोग नाही.

उपाय लागू पडला का?

इथेही वहीच उत्तर देते. आराखड्याआधीच्या दोन आठवड्यांचे आकडे असतातच. समजा दर आठवड्याला ७ प्रकार. आराखडा सुरू झाल्यावर पुढचे चार आठवडे तशीच मोजणी करायची आणि आलेख कागदावर ठिपके मांडायचे. ७, ७ नंतर ८, ५, ४, २ असं दिसलं तर गाडी रुळावर आहे.

मधला ८ बघून घाबरायचं नाही. जे वागून आजवर काम व्हायचं ते अचानक चालेनासं झालं, की मूल सुरुवातीला ते जास्त जोरात करून बघतं. तिसऱ्याच दिवशी ‘हे काही चालत नाही’ म्हणून सोडून दिलं, तर मूल एवढंच शिकतं की जोर लावला की मोठी माणसं माघार घेतात.

चार आठवड्यांनी ठिपके तिथेच असतील, तर आधी एक प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारायचा : ठरवलेलं खरंच केलं का? रोज दहा मिनिटं वजाबाकी झाली का, की आठवड्यातून दोनदाच? यासाठी आराखड्याच्या कागदावरच रोजची खूण करायची. केलं असूनही फरक नसेल, तर कारणाचा अंदाज चुकला. मुलाला दोष न देता आराखडा बदलायचा.

‘ऐकत नाही’ की ‘कळलं नाही’?

सीमाभागातल्या शाळांसाठी वहीत चौथा रकाना असावा : सूचना कोणत्या भाषेत दिली? घरी मराठी बोलणारं मूल कन्नड माध्यमाच्या वर्गात बसतं. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणारं मूल मराठी वर्गात असतं. अनेकांच्या घरी दोन्ही भाषा मिसळलेल्या असतात. पहिली-दुसरीत सूचना न कळल्यामुळे जागेवर बसून राहणारं मूल ‘हट्टी’ वाटू शकतं. त्याच मुलाला घरच्या भाषेत सांगितल्यावर ते लगेच उठतं का, हे आठ-दहा वेळा नोंदून बघितलं की खरं काय ते कळतं.

ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर बाहेर राहून आलेलं मूलही असंच. परत आलं की वर्ग तीन धडे पुढे गेलेला असतो. नोंदीत त्याची हजेरी आणि गोंधळ शेजारी शेजारी मांडले, तर दोन्हींचा संबंध दिसतो.

डोळे आणि कान तपासायला विसरू नये. फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल ‘खोड्या काढतं’ असं लिहिलं जाऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत तपासणीला येतात, तेव्हा अशी नावं आधीच काढून ठेवावीत. वाचन-लेखनातली अडचण सततची असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे हे लक्षात ठेवून तालुक्याच्या संसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या शिक्षकांना कळवावं. अशा वेळी वहीतल्या तारीखवार नोंदी फार कामाला येतात.

आकडेही चुकू शकतात

नोंद ठेवणारा माणूसच असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या शाळांच्या चिठ्ठ्या रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. २००२ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. गोऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या धूम्रपान, मोडतोड, न सांगता निघून जाणं अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी जास्त होत्या. काळ्या मुलांच्या चिठ्ठ्या ‘अनादर’, ‘जास्त आवाज’ अशा ठरवणाऱ्याच्या मतावर अवलंबून असलेल्या गोष्टींसाठी जास्त होत्या. आपल्याकडे जात, भाषा, वस्ती, बापाचा धंदा यावरून नजर बदलत नाही, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

यावर उपाय आहे. ज्या मुलाची नोंद चालू आहे, त्याच तासाला वर्गातल्या दुसऱ्या दोन मुलांचीही तीच गोष्ट मोजायची. ‘हा’ तासात पाच वेळा उठतो आणि बाकीचे दोघंही चार-चार वेळा उठतात, तर प्रश्न त्याचा नाहीच. तास लांबला आहे.

वही शाळेतच राहावी. मुलाचं नाव पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाऊ नये, स्टाफरूमच्या गप्पांत येऊ नये. जुन्या नोंदी पुढच्या इयत्तेच्या बाईंना ‘सांभाळा हं’ म्हणून देण्यासाठीही नाहीत. द्यायचंच तर काय केल्यानं फरक पडला, ते द्यावं.

आणि एक अपवाद. मूल अचानक बदललं, अंगावर खुणा दिसल्या, घरी जायला घाबरू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर दोन आठवडे रेघा मारत बसायचं नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करायचा.

दोन शिक्षक, पाच वर्ग : जमणार कसं?

हा प्रश्न रास्त आहे. दोन शिक्षकांवर पाच इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरणं, जेवणाचा हिशोब, निवडणुकीची कामं. म्हणून एका वेळी एकच मूल घ्यावं. दहा दिवस, दोन तास, एक कागद. पहिल्या दिवशी नोंद अर्धवट राहील, चौथ्या दिवशी हात बसेल. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघा शिक्षकांनी पंधरा मिनिटं तो कागद समोर ठेवून बसलं तरी पुरे. ज्या मुलाला रोज समजावण्यात वीस मिनिटं जातात, त्याच्यासाठी हा वेळ जास्त नाही.

पालकांचाही यात वाटा आहे. कर्नाटकात एसडीएमसी, महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समिती, गोव्यात पालक-शिक्षक संघ, बैठक कुठलीही असो. ‘तुमचा मुलगा त्रास देतो’ असं कानावर आलं, तर मान खाली घालून ऐकण्याऐवजी किंवा घरी जाऊन मुलाला बदडण्याऐवजी शिक्षकांना आदरानं पाच गोष्टी विचाराव्यात : नेमकं काय करतो? कोणत्या तासाला? त्याच्या आधी काय चाललेलं असतं? त्यानंतर त्याला काय मिळतं? आठवड्यात किती वेळा? उत्तरं तिथल्या तिथे मिळाली नाहीत, तर दोन आठवडे नोंद ठेवायची विनंती करावी. घरीही अभ्यासाच्या वेळी तसाच कागद ठेवावा आणि पुढच्या बैठकीला दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलावं.